अपघातात डोळ्याची खोबण मोडली, तर ७ दिवसांचे कॅशलेस उपचार पुरतात का?

दुचाकी घसरते, चेहरा रस्त्यावर आपटतो, डोळा सुजून काळानिळा होतो. ‘मुका मार आहे, उतरेल सूज’ म्हणत आठवडा जातो. डोळा उघडतो तेव्हा एकाच्या जागी दोन वस्तू दिसायला लागतात. पण तोपर्यंत सरकारी कॅशलेस उपचारांची मुदत संपलेली असते.

५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमींना ठरवून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पण अपघातापासून ७ दिवसच.

नेमकं काय मोडतं?

डोळ्याची खोबण ७ हाडांची असते. तिच्या कडा जाड, पण तळ आणि नाकाकडची भिंत अगदी पातळ. जोराचा मार बसला की ही पातळ हाडं फुटतात आणि डोळ्याभोवतीची चरबी, कधी स्नायूही त्या फटीत अडकतो. मग दोन-दोन दिसतं, डोळा वर फिरत नाही, गाल आणि वरचा ओठ बधिर होतो.

साध्या एक्स-रेमध्ये हे फ्रॅक्चर निसटू शकतं. खात्रीसाठी सीटी स्कॅनच लागतो.

मग अडचण कुठे?

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. मोठ्या माणसांमध्ये डॉक्टर बरेचदा सूज उतरण्याची वाट पाहतात आणि गरज असेल तर साधारण २ आठवड्यांच्या आत ऑपरेशन करतात. म्हणजे निर्णय दहाव्या दिवशीही होऊ शकतो. वैद्यकीयदृष्ट्या हे योग्यच, पण योजनेच्या हिशेबात तो उशीर ठरतो.

लहान मुलांचं उलटं असतं. त्यांचं लवचिक हाड वाकून पुन्हा जागेवर येतं आणि स्नायू चिमटीत सापडतो. डोळा वरून ठीक दिसतो, पण उलट्या होतात, नाडी मंदावते. डोक्याला मार लागलाय असं वाटतं. इथे ऑपरेशन २४ ते ४८ तासांत व्हावं लागतं.

वर्धा जिल्ह्यात काय कराल?

जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालयांची दोन मोठी रुग्णालयं आहेत: सेवाग्रामचं कस्तुरबा आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. दोन्ही वर्धा शहराला लागून. आर्वी, आष्टी, कारंजाकडच्या जखमींसाठी हे अंतर मोठं आहे, म्हणून टाळाटाळ होते.

- डोळ्याला मार असेल तर पहिल्या दिवशीच सीटी स्कॅनबद्दल विचारा.
- नाक शिंकरू नका, डोळा दाबू नका.
- नजर कमी होत असेल किंवा डोळा बाहेर येत असेल, तर १०८ ला फोन करा. इथे प्रश्न तासांचा असतो.
- ऑपरेशन ७ दिवसांनंतर ठरलं, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

७ दिवसांची अट जीव वाचवण्याच्या हिशेबाने ठेवलेली दिसते. पण मुदतीत निदान झालेल्या दुखापतीचं पुढचं ऑपरेशनही त्यात धरलं, तर पैशांअभावी कुणाला आयुष्यभर दोन-दोन बघावं लागणार नाही.