ढिगाऱ्यांवर आपलं गवत परत आणू या!

घुग्घुस, माजरी, वणी, बल्लारपूर परिसरातील ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

कोळसा गेला, मातीचे डोंगर आपल्या दारात उरले. पावसाळ्यात त्यांचा गाळ नाल्यांत उतरतो, उन्हाळ्यात धूळ घरात येते. काही ढिगारे हिरवे दिसतात, पण ती हिरवळ कशाची आहे, हे जवळ जाऊन पाहायला हवं.

दीनानाथ गवत मूळचं आफ्रिकेचं. माती चटकन धरतं म्हणून ते ढिगाऱ्यांवर पेरतात. पण पावसाळा सरला की वाळतं, ठिणगी पडताच पेटतं आणि शेजारची कोवळी रोपं होरपळतात. तिथेच माजणाऱ्या गाजर गवताच्या एकेका झाडाला हजारो बिया येतात; त्याने अंगाला खाज सुटते, दमा बळावतो. त्याला तर जनावरंही तोंड लावत नाहीत.

हे बदलता येतं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर आधी प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) आणि उपयुक्त जिवाणू घालून माती जिवंत केली, मग तिथे साग-शिवण वाढवले. कायदाही आपल्या बाजूने आहे. खाणकाम संपल्यावर खाणपट्टाधारकाने स्वखर्चाने तिथे पुन्हा गवत लावावं, अशी अट घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी दिला.

म्हणून कळकळीची विनंती :

• गाजर गवत फुलण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा.
• दीनानाथ फुलोऱ्याआधी कापून ढोरांना घाला. पुन्हा फुटलं तर पुन्हा कापा. बी पडू देऊ नका.
• दिवाळीनंतर धुऱ्यांवरचं कुसळी, पवन्या, मारवेल यांचं पिकलेलं बी गोळा करा. निम्मं जागेवरच राहू द्या. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर शेणखत-मातीत कालवून परवानगी मिळालेल्या ढिगाऱ्यांवर पेरा.
• पेरलेल्या जागी दोन पावसाळे चराई नको. तेवढे दिवस गवत कापून न्या.
• ग्रामसभेत ठराव करून खाण व्यवस्थापनाकडे पुनर्गवतीकरणाचा आराखडा लेखी मागा.

खाण व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय कोणीही ढिगाऱ्यावर चढू नये. चालू खाणीकडे तर फिरकूही नये.

कोणतं गवत कुठे उगवतं, हे गावातल्या गुराख्यांना आणि म्हाताऱ्या आयाबायांना ठाऊक आहे. बी गोळा करायला निघाल तेव्हा त्यांना पुढे चालू द्या आणि पोरांना त्यांच्यासोबत पाठवा.

आपला,
कोळसापट्ट्यातील एक रहिवासी