गंज लपवावा की काढावा?

गेल्या दसऱ्याच्या सुमारास रत्नागिरीच्या आमच्या घराच्या पडवीलगत उभी असलेली जुनी जीपगाडी मी खोलावयास घेतली, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांत जी चर्चा झाली तिचा निष्कर्ष एकच होता : निवृत्तीनंतर माणसाला काही उद्योग हवा हे खरे, पण तो इतका गंजका असू नये. गाडी १९८४ सालची. तिला भंगारवाला काय देईल आणि तिच्या दुरुस्तीस काय लागेल, याचा हिशेब मला न विचारताच अनेकांनी मांडून दाखविला. तो हिशेब चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु त्यानंतरच्या चार महिन्यांत या गाडीने मला जे शिकविले ते त्या हिशेबात बसणारे नव्हते, आणि ते माझ्या अंगणापुरतेही नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

जीप हे आपल्याकडे नुसते वाहन नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या आणि स्वातंत्र्याच्या आसपास मुंबईत माझगावला विलिज जीपची जुळणी सुरू झाली. पुढे तीनचार दशके, जेथे सडक संपे तेथून पुढे सरकार या गाडीतूनच जात असे. तहसीलदार, वनखाते, हिवताप निर्मूलनाचे पथक, निवडणुकीचा प्रचार ही सारी जीपची प्रवासी मंडळी. या गाडीची बांधणीच अशी की, पाना आणि हातोडी चालविता येणाऱ्या माणसाला ती समजावी. घरच्या घरी दुरुस्ती करण्याचा विचार म्हणूनच अगदीच वेडगळ नव्हता.

मात्र समुद्राकाठच्या प्रदेशात तिचा खरा शत्रू खडबडीत रस्ता नसून खारा वारा असतो. लोखंडाला गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू पुरतात. त्यात मीठ मिसळले की तीच क्रिया कैक पटींनी वेग घेते. ॲल्युमिनियमवर चढणारा थर आतल्या धातूचे रक्षण करतो; लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, तो ओल धरून ठेवतो आणि आत आत खात जातो. शिवाय तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे रंगाखाली फोड येतो, रंग उचलला जातो आणि पाण्याला नवी वाट मिळते. वर दिसणारा फोड पावलीएवढा असला, तर खालचा विकार बशीएवढा आहे असे समजून चालावे.

आमच्या गाडीचे मडगार्ड आणि बॉनेट वरून बरे दिसत होते. पायाखालची रबरी चटई उचलली तेव्हा खरी स्थिती कळली. चालकाच्या पायाखालचा तळपत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आरपार गेला. समोरच्या काचेच्या चौकटीची खालची कड, बॉडी चासीवर बसते ते कोपरे, पाणी निचरण्यासाठी ठेवलेली आणि चिखलाने बुजलेली भोके, या सर्व जागा पोखरल्या होत्या. महायुद्धकालीन विलिज जीपमध्ये तर तळपत्र्याखालच्या पन्हळी पट्ट्यांत लाकूडच भरलेले असे. ते पाणी पिऊन बसे आणि आतून पत्रा कुजवी. तात्पर्य, गंज पावसाच्या सरीने तितका येत नाही, जितका तो साचून राहिलेल्या ओलीने येतो.

तळपत्रा पाहावयास ज्या कारागिराला बोलाविले तो हाताचा चांगला होता. त्याने क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "काका, कापाकापी कशाला करताय? लांबी मारून वर रंग देतो. दोन पावसाळे काही दिसायचं नाही." मी विचारले, "आणि तिसऱ्या पावसाळ्यात?" तो हसला. "तवर गाडी तुमच्याकडं कशाला ठेवताय!"

या उत्तराचा राग येण्याऐवजी मला त्याचे प्रामाणिकपण आवडले. गिऱ्हाईक काय मागते हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. बहुतेकांना दुरुस्ती नको असते, ती झाल्यासारखी दिसावयास हवी असते. लांबी हा पदार्थ मुळात वाईट नाही. घासून स्वच्छ केलेल्या पत्र्यावरचा उथळ खळगा भरून काढणे हे तिचे काम. पण गंजाच्या भोकावर थापली की ती ओल शोषून घेते आणि झाकलेल्या अंधारात गंजाला निवांतपणा मिळवून देते. मग गाडी दिसावयास नवी आणि असावयास पूर्वीहून जुनी, अशी विचित्र अवस्था होते. शेवटी त्याच कारागिराने कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि नवा तुकडा जोडून दिला. तत्पूर्वी बॅटरी सोडविली होती आणि डिझेलची टाकी उतरवून दूर ठेवली होती. रिकामी टाकी निरुपद्रवी असते हा समज जिवावर बेतणारा आहे. आतली वाफच भडका घेते.

उरलेले काम माझे. छिन्नीने पापुद्रे काढणे, तारेच्या ब्रशने घासणे, मग ऐंशी नंबरच्या काचकागदापासून चारशेपर्यंत चढत जाणे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि सारे यश त्यातच आहे. रंगाचा शेवटचा हात एका दुपारी होतो. त्याखालच्या तयारीला आठवडे लागतात. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून घासताना पाणी मारावे, तोंडाला नीट बसणारा मुखवटा लावावा आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. घोटीव चकाकीसाठी मिळणारे दोन डब्यांचे पॉलियुरेथेन रंग फवाऱ्याने घरी मारण्याच्या फंदात तर पडूच नये. त्यांतील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साध्या मुखवट्याने तो टळत नाही. मी ब्रश आणि रोलर वापरला. जवळून पाहिले तर ब्रशाच्या रेघा दिसतात. जीपला त्या शोभतात.

खोल खड्ड्यांतला गंज कितीही घासला तरी पुरता जात नाही. तेथे फॉस्फरिक आम्ल लावतात. ते उरलेल्या गंजाचे लोहफॉस्फेटच्या थरात रूपांतर करते. दिल्लीत मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे, त्याचेही एक कारण हेच सांगितले जाते. जुन्या पद्धतीने गाळलेल्या त्या लोखंडात फॉस्फरस अधिक राहिला आणि त्यातून पृष्ठभागावर संरक्षक फॉस्फेटचा पापुद्रा तयार झाला, असे आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. दुसरा उपाय टॅनिनचा. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करीत. त्या शाईतील काळेपणा म्हणजे लोह आणि टॅनिन यांचा संयोग. गंजावर टॅनिन लावले की तोच निळसर काळा रंग डोळ्यांदेखत उमटतो. सह्याद्रीच्या हिरड्याची ही करामत पाहताना मला आधुनिक रसायनशास्त्र अचानक घरचे वाटू लागले.

अस्तराचे दोन हात, मग रंगाचे तीन. कोकणात हे काम कार्तिक ते माघ या काळातच करावे. दमट हवेत रंग पांढुरका पडतो आणि पत्र्यावर न दिसणारी ओल अस्तराखाली कोंडली जाते. रंग कोणता, यावर पुन्हा चर्चा झाली. तरुण मंडळींचा आग्रह लष्करी हिरव्याचा होता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१व्या नियमाने तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे, हे सांगितल्यावर त्यांचा विरस झाला. नोंदणी पुस्तकात जो रंग लिहिलेला होता, तोच करड्या छटेचा रंग मी कायम ठेवला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशा गाड्या ठेवाव्यात की मोडीत काढाव्यात? २०२१च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले. त्याचे तत्त्व वय हे नसून वाहनाची तंदुरुस्ती हे आहे, असे त्या वेळी सांगण्यात आले आणि ते तत्त्व रास्त आहे. परंतु १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपयांवर गेले आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते दहा हजार करण्यात आले. शुल्क वयानुसार चढते, स्थितीनुसार नव्हे. नीट राखलेली गाडी आणि लांबीखाली सडलेली गाडी यांना हे शुल्क एकाच पारड्यात तोलते. ज्याने चार महिने गंज काढण्यात घालविले आणि ज्याने चार तासांत तो झाकला, त्या दोघांत शासनाला काही भेद दिसू नये, हे धोरणाच्या मूळ तत्त्वाशी विसंगत आहे.

दुसरी बाजू नाकारण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे डिझेल इंजिन आजच्या इंजिनापेक्षा कितीतरी अधिक धूर ओकते. अशी गाडी पुण्यामुंबईच्या गर्दीत रोज फिरवावी असा हट्ट कोणी धरू नये. मीही धरीत नाही. चासीच पोखरलेली असेल तर भावनेला आवर घालून ती मोडीतच दिली पाहिजे. घरच्या ठिगळावर माणसांचे प्राण सोपवावयाचे नसतात. पण महिन्यातून चार वेळा बागेपर्यंत जाणारी, चासी शाबूत असलेली गाडी वितळवून तिच्या जागी नवी घेणे हे पर्यावरणाचे काम आहेच, असे गृहीत धरता येत नाही. एक टन पोलाद तयार होताना सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो नव्या गाडीच्या नळीतून दिसत नाही एवढेच. तेव्हा तपासणी कठोर करा, जमिनीखालून करा, चटई उचलून करा. मात्र जी गाडी तीत उतरेल तिला निव्वळ जन्मतारखेसाठी दंड करू नका.

आणि हा प्रश्न गाड्यांपुरता राहिलेला नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिन्यांच्या आत, कोसळला. नटबोल्ट गंजत असल्याचे पत्र त्याआधी काही दिवस लिहिले गेले होते. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला आणि चार जणांनी प्राण गमावले. या दुर्घटनांची कारणे अनेक असतील; गर्दी, आराखडा, दिरंगाई. परंतु उद्घाटनाला जी तत्परता असते ती देखभालीला नसते, हे त्यांतील समान सूत्र कोणाच्या नजरेतून सुटावे? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने धातूंच्या गंजण्यापायी होणारी हानी जगाच्या एकूण उत्पन्नाच्या ३.४ टक्के इतकी ठरविली, आणि ठाऊक असलेले उपाय वेळेवर केले तर तिच्यातील १५ ते ३५ टक्के वाचेल असे म्हटले. उपाय ठाऊक आहेत. ब्रश घेऊन खाली वाकणारा माणूस तेवढा कमी पडतो, कारण वाकलेल्या माणसाचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

सार्वजनिक बांधकामांच्या अंदाजपत्रकात देखभालीची रक्कम वेगळी आणि अबाधित ठेवावी, तपासणीचे अहवाल लोकांना पाहता यावेत आणि गंजाची सूचना देणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याचे पत्र किती दिवसांत कोणी हाती घ्यावयाचे हे ठरलेले असावे, या मागण्या काही अवघड नाहीत. लांबी मारून रंग देण्याची आपली सवय मात्र अवघड आहे. तो कारागीर काही वेगळे करीत नव्हता. तो आपल्या सर्वांची मागणी पुरवीत होता.

माघाच्या अखेरीस गाडी बाहेर काढली. शेजारचे जे गृहस्थ मला भंगाराचा भाव सांगत होते, ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "रंग छान बसलाय हो." मी त्यांना चटई उचलून खालचा पत्रा दाखविला. तो त्यांनी फार वेळ पाहिला नाही. पण पुढच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा पाहणार आहे ते तेथेच.