बायोटेक इंजिनिअरिंग : संस्था नागपुरात, नोकरी कुठे?

मेडिकलचा प्रवेश हुकला की अनेक घरांत बायोटेकचा विषय निघतो. पण बायोटेक्नॉलॉजीतले बी.टेक. म्हणजे बायोलॉजीवाल्यांची पळवाट नव्हे. इथे गणित सुटत नाही. प्रयोगशाळेतल्या छोट्या फ्लास्कमध्ये वाढलेले जिवाणू हजारो लिटरच्या फर्मेंटरमध्येही तसेच वाढावेत, यासाठी तापमान, ऑक्सिजन, ढवळण्याचा वेग यांचा हिशेब मांडावा लागतो. इंजिनिअरचे खरे काम ते. लस, इन्सुलिन, एन्झाइम यांचे उत्पादन त्यावरच चालते.

नागपूरला हे क्षेत्र नवे नाही. ‘नीरी’ १९५८ पासून इथे आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून. २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस तर विदर्भाच्या शेताशेतात पोहोचला. मात्र अशा संस्थांत शास्त्रज्ञ व्हायचे तर एम.टेक., पीएच.डी.ची वाट धरावी लागते. नुसत्या बी.टेक.वर प्रकल्पातले काम मिळू शकते, तेही प्रकल्प असेपर्यंत. ‘गेट’ उत्तीर्ण असल्यास संशोधन फेलोशिपचा मार्ग खुला होतो. लस किंवा औषधांच्या कारखान्यात नोकरी हवी असेल, तर पुणे, हैदराबाद, बंगळुरूला जाण्याची तयारी ठेवलेली बरी.

म्हणून फी भरण्याआधी प्लेसमेंटचे रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवून दोन गोष्टी विचाराव्यात. फर्मेंटर विद्यार्थी स्वतः चालवतात की लांबून बघतात? आणि मागच्या बॅचमधले किती जण आयटीत गेले? दुसऱ्याचे खरे उत्तर बहुधा कॅन्टीनमधले सीनिअरच देतील.