बोर्ड म्हणजे नुसता फळा नव्हे

इंग्रजी शब्द पाठ करण्याची एक पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आली आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ. एका शब्दासमोर एकच अर्थ. चाचणी परीक्षेपुरते हे जमून जाते. पण तोच शब्द पुढच्या इयत्तेत निराळ्या अर्थाने समोर आला की मुले अडखळतात. ही पद्धत बदलावी असे आम्हांस वाटते. ती कशी बदलावी हे सांगण्यासाठी सर्वांच्या ओळखीचा एकच शब्द घेतो. तो म्हणजे 'बोर्ड'.

विद्यार्थी मित्रहो, दिवसभरात हा शब्द किती वेळा कानी पडतो ते मोजून पाहा. गुरुजी बोर्डावर गणित सोडवून दाखवितात. बसचा बोर्ड वाचून आपण निपाणीची गाडी पकडतो. सुट्टीत कॅरमबोर्ड बाहेर निघतो. घरातले दिवे गेले की वडील आधी स्विचबोर्ड पाहतात. दहावीची परीक्षा बोर्डाची असते. बेळगावच्या कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्या काळातले 'लोकल बोर्ड' हे नाव जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून येते. खानावळीवर 'बोर्डिंग-लॉजिंग' लिहिलेले असते आणि सांबऱ्याच्या विमानतळावर बोर्डिंग पास मिळतो. शब्द एकच, पण फळा, पाटी, मंडळ, जेवण आणि विमानात चढणे यांचा एकमेकांशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो लाकडाचा आहे. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे लाकडी फळी. फळीला पाय लावले की टेबल झाले. टेबलावर जेवण वाढले जाते, म्हणून 'बोर्ड' म्हणजे जेवण. 'बोर्डिंग-लॉजिंग' या जोडीत बोर्डिंग हे जेवण आणि लॉजिंग हे राहणे. पुष्कळांना ते उलट वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. अशा ठिकाणी राहण्याची व जेवणाची सोय एकत्र झाल्याने आपल्याकडे बोर्डिंग म्हणजे वसतिगृह हा अर्थ रूढ झाला. त्याच टेबलाभोवती बसून चार जाणती माणसे कारभाराचा विचार करू लागली, तेव्हा त्या माणसांनाही 'बोर्ड' म्हणू लागले. आपले विश्वस्त मंडळ 'बोर्ड ऑफ ट्रस्टीज' होते ते यामुळे. जहाजाची बाजूही फळ्यांची, म्हणून तिलाही 'बोर्ड' म्हणत. त्यावरून जहाजावर चढणे ते 'बोर्डिंग', आणि पुढे तोच शब्द विमानाने उचलला. कप ठेवण्याची फळी तो 'कपबोर्ड', उच्चार मात्र 'कबर्ड'.

आता आपल्या मराठीकडे वळू. 'फळी' म्हणजे लाकडाचा सपाट तुकडा. पण आपण 'कार्यकर्त्यांची फळी' म्हणतो, 'दुसऱ्या फळीतले नेते' म्हणतो, क्रिकेटमध्ये 'मधली फळी कोसळली' असे म्हणतो. म्हणजे आपल्याकडेही लाकडावरून माणसांच्या गटापर्यंत शब्द गेलाच. 'पाट' हे लाकडाचे बैठे आसन; पण आजी 'पाटपाणी घ्या' म्हणते तेव्हा ती जेवणाची तयारी करायला सांगते. 'कपाट' हा शब्द संस्कृतात दाराच्या फळीसाठी आहे. आपण त्यात कपडे आणि पुस्तके ठेवतो. इंग्रजी शब्द ज्या वाटांनी गेला तशाच वाटांनी आपलेही शब्द गेले आहेत. ज्या मुलाला 'फळी' आणि 'पाट' नीट ठाऊक आहेत, त्याला 'बोर्ड'चे अर्थ घोकावे लागत नाहीत. ते उलगडत जातात. ज्याने केवळ 'बोर्ड म्हणजे फळा' एवढेच पाठ केले, तो 'द बोर्ड हॅज डिसायडेड' याचे भाषांतर 'फळ्याने ठरवले' असेच करणार. त्यात त्याचा दोष नाही.

आपल्या मुलांजवळ तिसरी भाषाही आहे. कन्नडमध्ये फळीला 'हलगे' म्हणतात, परीक्षा घेणाऱ्या बोर्डाला 'मंडळि' म्हणतात, आणि दुकानावरच्या पाटीला 'नामफलक'च म्हणतात. फलकांवरून सीमाभागात काय काय घडले ते सर्वांस माहीत आहे. २०१४ च्या जुलैमध्ये येळ्ळूरचा फलक हटविण्यात आला. २०२४ मध्ये नामफलकांवर ६० टक्के कन्नड असावे असा कायदा राज्यात झाला. मराठी पाटीचा आग्रह आम्ही सोडलेला नाही आणि सोडूही नये. पण ज्या फलकावरून वाद होतो त्याचे नाव दोन्ही भाषांत एकच आहे, हेही मुलांना कळावे. कन्नड मनापासून शिकल्याने मराठी उणी होत नाही.

पाटी टिकवायची तर ती वाचणारा टिकला पाहिजे, आणि तो आपल्या वर्गात घडतो. 'इंग्रजी चांगले यावे' म्हणून अनेक पालक मुलांना मराठी शाळेतून काढून घेतात. त्यांची काळजी खरी आहे. इंग्रजी यायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, इंग्रजी शब्दाचा अर्थ ज्या भाषेत उमगतो ती घरची भाषा पक्की असेल तर इंग्रजीही पक्के होते. मराठी सोडून इंग्रजीकडे जाणे म्हणजे पाया काढून मजला चढविणे होय. आणि असेच चालले तर उद्या पाटी राहील, पण तिच्यासमोर थांबून वाचणारे मूल राहणार नाही.

यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. शिक्षकांनी दर सोमवारी दर्शनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहावा आणि त्याखाली त्याचे सर्व अर्थ मराठी व कन्नडमध्ये मुलांकडूनच भरून घ्यावेत. पालकांनी घरी शब्दाचा अर्थ सांगताना 'आणखी कुठे ऐकलास?' एवढे जरूर विचारावे. विश्वस्तांनी वाचनालयात तिन्ही भाषांचे मोठे शब्दकोश घ्यावेत आणि ते कुलपात न ठेवता मुलांच्या हाती पडतील असे ठेवावेत.

सुरुवात 'लाईन' या शब्दाने करावी. विजेची लाईन, रेशनची लाईन, रेल्वेलाईन, पोलीस लाईन हे अर्थ आम्ही दिले. उरलेले विद्यार्थ्यांनी शोधून आणावेत.