हिरकणीला दार कोण उघडणार?

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट मी शाळेत कितीतरी वर्षे सांगितली. दूध घालायला गडावर आलेली गवळण, सांजेला बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरी रडणारे तान्हे बाळ, आणि काळोखात कडा उतरून गेलेली ती आई. महाराजांनी तिचे कौतुक केले, बुरूज बांधला. वर्गातली मुले टाळ्या वाजवायची. पण दार थोडे किलकिले करायला काय हरकत होती, हे त्या मुलांनी कधी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. सुचले ते सत्तरी गाठल्यावर, दाराच्या आतल्या बाजूला मीच किल्ली घेऊन उभी होते तेव्हा.

त्याचे असे झाले. माझ्या भाच्याची बायको बाळ पाच महिन्यांचे असताना गेली. भाचा बोटीवर नोकरीला. एकदा गेला की सहा-सात महिने पाण्यावर. बाळ माझ्याकडे आले. माझे गुडघे असे की खाली बसले तर उठवायला माणूस लागते. तेव्हा बाळ सांभाळायला, रात्रंदिवस घरात राहणारी बाई ठेवायची असे ठरले.

एका एजंटाने पहिली आणली ती पंधरा वर्षांची पोर. "शांत आहे हो, पगारही कमी," म्हणाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने कुठल्याही कामावर ठेवणे गुन्हा ठरले. ही पोर त्या रेघेच्या एक वर्ष पलीकडे होती. एजंटाला कायद्यातली फट पाठ होती! मी तिला चहा-बिस्किटे दिली आणि परत पाठवले. जिचे स्वतःचे शाळेत जायचे वय, तिच्या कडेवर आईविना बाळ द्यायचे कसे?

मग दोडामार्गहून मावशी आली. पस्तिशीची, विधवा, हाताला माया असलेली. आधार कार्ड पाहून मी पोलीस स्थानकात नोंद केली. मूळ कार्ड मात्र तिच्याकडेच ठेवायला सांगितले. पुष्कळ जण "सुरक्षेसाठी" म्हणून बाईची कागदपत्रे कपाटात ठेवतात. ती सुरक्षा नव्हे, तो ओलीस आहे.

आणखी एक गोष्ट मला धक्का बसूनच कळली. एका रात्री बाळाला तापात आकडी आली. मावशी त्याला घेऊन धावली, मी मागाहून पोहोचले. काउंटरवरचा माणूस विचारत होता, "आईबाप कुठे? सही कोण करणार?" आई देवाघरी, बाप समुद्रात. तातडीच्या वेळी उपचार आधी, कागद मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवले आहे. एका डॉक्टरीणबाईने तसे केलेही. पण तातडी सरली की संमतीचा प्रश्न उरतोच. बाप हयात असताना पालक तोच. आत्या नव्हे, आणि सांभाळणारी बाई तर नव्हेच. म्हणून ज्यांच्या घरी अशी परिस्थिती आहे त्यांनी बापाकडून, तो बोटीवर चढण्यापूर्वी, नोटरीसमोर अधिकारपत्र करून घ्यावे. औषधोपचाराला संमती कोण देईल, बोटीवर संपर्क कसा करायचा, बाळाला कुठले औषध चालत नाही, हे सारे त्यात लिहावे. त्याची आणि लसीकरणाच्या कार्डाची एक प्रत मावशीच्या पिशवीत असावी.

भाच्याने मग कॅमेरा बसवायचे काढले. लेकराची काळजी, मी समजू शकते. पण मावशीला सांगूनच बसवला, आणि फक्त बाळाच्या खोलीत. ती झोपते, कपडे बदलते तिथे चोरून कॅमेरा लावणे हा गुन्हा आहे. आणि घर हे तिच्या कामाचे ठिकाण असल्यामुळे लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. हे मी मावशीला पहिल्याच आठवड्यात सांगितले. ती लाजली, पण तिने नीट ऐकून घेतले.

आता माझे खरे म्हणणे. आपल्या गोव्याच्या बायका पूर्वी मुंबईत साहेबांची पोरे सांभाळायला आया म्हणून गेल्या, पुढे कुवेतला गेल्या. तिथे कुणाचा पासपोर्ट काढून घेतला, कुणाला सुट्टी नाही, अशी बातमी आली की आपले रक्त तापते. तापायलाच हवे. पण त्याच कुवेतने २०१५ मध्ये घरकामगारांसाठी कायदा केला. दिवसाला जास्तीत जास्त बारा तास काम, आठवड्याची सुट्टी, वर्षाला तीस दिवसांची पगारी रजा, आणि पासपोर्ट मालकाने ठेवायचा नाही. अंमलबजावणी कशी होते ते आपण ऐकतोच. तरी कागदावर काही आहे. आपल्याकडे? महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. देशासाठी वेगळा कायदा अजून नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले की समिती नेमून याचा विचार करा. कुवेतच्या अरबाला नावे ठेवणाऱ्या आपण स्वतःच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहावे.

कायदा येईपर्यंत हातावर हात धरून बसायचे कारण नाही. मी साध्या मराठीत दोन पाने लिहिली. पगार किती आणि कुठल्या तारखेला बँकेत, रात्री बाळ उठले तर दुसऱ्या दिवशी दुपारची झोप, रविवार मोकळा, आजारपणात पगार चालू, सोडायचे तर दोघांकडून महिन्याची सूचना. तिची ई-श्रमवर नोंद केली. वीस रुपयांत वर्षाचा दोन लाखांचा अपघात विमा मिळतो, तो उतरवला. एकूण दोन दुपारी गेल्या.

त्या पानांवर अंगठ्याऐवजी ठळक सही करून मावशी म्हणाली, "बाई, चवथीक माका पाच दिवस घराक जावक होया. माझा चेडू वाट बघता."

माझ्या मनात पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. चवथीला घर पाहुण्यांनी भरलेले, बाळ कोण पाहणार? "बघू गं, तेव्हाचे तेव्हा," असे ओठांवर आले होते. मग तिला सात वर्षांची मुलगी आहे हे आठवले. ती आजीपाशी असते. आमचे आईविना बाळ सांभाळायला आम्ही दुसऱ्या बाळाची आई आणली होती, आणि वर तिला चवथही द्यायला मी कां-कूं करत होते.

शंभुराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव आपण आदराने घेतो. त्या वेळी तिच्या स्वतःच्या लेकरांकडे कोण पाहत होते, हे कुणाला विचारावेसे वाटत नाही.

कागदावर मी एक ओळ वाढवली, चवथीचे पाच दिवस पगारी. बहिणीच्या सुनेला तेवढे दिवस राहायला बोलावले. पुढच्या मे महिन्यात मावशीची मुलगी सुट्टीला इकडेच येणार आहे. तिच्यासाठी मागच्या खोलीत खाट टाकून घ्यायची आहे, तेवढे काम अजून राहिले आहे.