सही करणारा हात तयार कसा होणार?

कर्जत, सुधागड किंवा पोलादपूरकडचा शेतकरी गाठ काढून घेतो, तेव्हा खरा निकाल ऑपरेशनच्या टेबलावर लागत नाही. नातेवाइकाच्या हातात डबी देऊन सांगितलं जातं, ‘पनवेलला नाहीतर मुंबईला तपासून आणा.’ गाठ साधी की कर्करोगाची, हे पॅथॉलॉजिस्ट ठरवतो. रोगी त्याचं तोंडही पाहत नाही. पण म्हैस विकायची की निश्चिंत मनाने घरी परतायचं, हे त्याच्या सहीवर अवलंबून असतं.

प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं. पण सही करणारा स्वतःच्या जबाबदारीवर निदान करायला शिकला आहे का, हा प्रश्न उरतोच.

नवी मुंबईत या शिक्षणाची सोय आहे. कामोठ्याला एमजीएम, नेरूळला डी. वाय. पाटील ही महाविद्यालयं आहेत आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ‘ॲक्ट्रेक’ आहे. एम.डी.चा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. या तीन वर्षांत ज्युनिअरने नुसतं वर्णन लिहायचं आणि निदान सीनिअरने सांगायचं, असं चाललं तर पदवी हाती येईल, पण निर्णयाची सवय लागणार नाही. विहिरीच्या काठावर बसून कोणी पोहायला शिकत नाही!

मग करायचं काय? ज्युनिअरने स्लाइड पाहून आपलं निदान आधी लेखी द्यावं. सीनिअरने ती नंतर बघावी आणि दोघांच्या मतात फरक पडला तर कारणासह वहीत नोंदवावा. आधी अपेंडिक्स, पित्ताशय, मग गर्भाशय, त्यानंतर स्तनाची आणि लसिकाग्रंथींची गाठ, अशी पायरी चढवत न्यावी. रोगी टेबलावर असताना वीसेक मिनिटांत उत्तर द्यायच्या ‘फ्रोझन सेक्शन’लाही त्याने आधी बोलावं, सीनिअरने शेजारी बसून ऐकावं. कोणी म्हणेल, हा रोग्याच्या जिवाशी खेळ झाला. तसं नाही. शिकाऊ माणसाचा अहवाल सीनिअरच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडतच नाही. चूक व्हायचीच असेल तर ती वहीत व्हावी. उद्या तालुक्याच्या गावी एकट्याने सही करताना ती झाली, तर दुरुस्त करायला शेजारी कोणी नसेल.

स्वतंत्र होणं म्हणजे सगळं एकट्याने ठरवणंही नव्हे. ‘हे मला नक्की सांगता येत नाही, दुसरं मत घ्या’ असं लिहायला धाडस लागतं, आणि तेही शिकवावंच लागतं. 2012 मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरची कर्करोग केंद्रं एकमेकांना जोडली आहेत. गावातल्या पॅथॉलॉजिस्टला शंकेची स्लाइड कुठे पाठवायची, हे शिकतानाच माहीत हवं.

2020 च्या नियमाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत काढणं बंधनकारक झालं. हे तीन महिने हजेरीपुरते राहू नयेत. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, 2021 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. गाठ फॉर्मेलिनऐवजी सलाईनमध्ये आली की ती कशी सडते, अर्जावर वय आणि गाठीची जागाच लिहिलेली नसली की निदान कसं अडतं, हे तिथे डोळ्यांनी दिसेल. गाठीच्या दहापट फॉर्मेलिन घाला, हे नर्सला आणि सर्जनला समजावून सांगणं हासुद्धा पॅथॉलॉजिस्टचाच धडा आहे.

टाटा रुग्णालयाचे पहिले पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 च्या सुमारास कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाशी निगडित त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली. ती नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारी गोष्ट नव्हती. माणूस काय नेसतो, काय चघळतो, हे विचारणाऱ्यालाच ती दिसली.

महाविद्यालयांनी निदानाच्या वह्या सक्तीच्या कराव्यात आणि जिल्हा रुग्णालयाने आलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत खरं काम द्यावं. याला फार पैसा लागत नाही, सीनिअरचा वेळ लागतो. तो आज दिला नाही, तर त्याची किंमत उद्या डबी घेऊन एसटीत बसलेला माणूस मोजेल.