पन्नास पानांच्या आतलं अंतराळ

१९७६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून एका खेळाची ३२ पानांची पुस्तिका निघाली. नाव ‘मेटामॉर्फोसिस अल्फा’. लेखक जेम्स वॉर्ड पेशाने खेळ लिहिणारा नव्हता. तसा पेशाच तेव्हा धड अस्तित्वात नव्हता. पुस्तिकेत ‘वॉर्डन’ नावाचं एक यान आहे, सुमारे ८० किलोमीटर लांब आणि १७ मजली. किरणोत्सर्गी ढगातून जाताना त्यातली बहुतेक माणसं मेली. उरलेल्यांचे वंशज आतल्या रानावनात टोळ्या करून राहतात आणि आपण यानात आहोत हेच त्यांना ठाऊक नाही. मूळ कल्पना ब्रायन आल्डिसच्या १९५८च्या ‘नॉन-स्टॉप’ या कादंबरीतली. वॉर्डने ते ऋण लपवलं नाही.

ज्यांनी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका पाहिली आहे त्यांना हा खेळाचा प्रकार निराळा समजावून सांगायला नको. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र, एक जण रेफरी. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपण काय करतो ते सांगतात, आणि जिथे निकाल सांगता येत नाही तिथे फासे पडतात. या सगळ्याची सुरुवात करणाऱ्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या हजार प्रती १९७४ साली घरात बसून हातांनी खोक्यांत भरल्या होत्या. कंपनी म्हणायची ती कागदावर. कारभार सगळा हौसेचा.

वॉर्डच्या पुस्तिकेत उणिवा शोधायला भिंग लागत नाही. पात्राची प्रगती कशी व्हायची याचा नियमच नाही. खेळ चालवायचा कसा हे कुठे नीट सांगितलेलं नाही. ‘डन्जन्स’ खेळलेला कुणीतरी शेजारी बसला असेल, असं गृहीत धरलं आहे. लेखकाच्या स्वतःच्या टेबलावर जे बोलून निभायचं ते कागदावर उतरलंच नाही. तरीही ते यान लोकांच्या डोक्यात राहिलं. दोनच वर्षांनी त्यातूनच ‘गॅमा वर्ल्ड’ निघाला, आणि मूळ खेळही पुनःपुन्हा छापला गेला.

हौशी खेळांचं परीक्षण करताना गुणांचा एक रकाना आणि दोषांचा एक रकाना आखायची सवय आहे. गेल्या पन्नास वर्षांकडे पाहिलं की हा हिशेब फसवा वाटतो. उणिवांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचं नशीब अगदी वेगळं आहे. एक जात भोकांची, म्हणजे नियमच नाही, किंवा अर्धा आहे. दुसरी जात पसाऱ्याची, म्हणजे नको इतके नियम. भोकं खेळणारे बुजवतात, आणि बुजवता बुजवता खेळ आपलासा करतात. पसारा कुणी आवरत नाही.

याचा सर्वांत चांगला दाखला १९७७चा ‘ट्रॅव्हलर’. इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल या गावी (होय, गावाचं नाव तेच) विद्यापीठातल्या युद्धखेळांच्या नादातून चार मित्रांनी ‘गेम डिझायनर्स वर्कशॉप’ काढली होती. त्यांतला मार्क मिलर सैन्यात होता, व्हिएतनाममध्ये राहून आला होता. त्याचा खेळ म्हणजे काळ्या कव्हरच्या तीन छोट्या पुस्तिका, प्रत्येकी पन्नासच्या आत पानं. इतर खेळांत पात्र कोवळं पोर म्हणून सुरू होतं. मिलरचं पात्र सुरू होतं ते नोकरी संपवून. नौदल, मरीन, पायदळ, स्काउट, व्यापारी जहाजं किंवा ‘इतर’: यांतल्या एकात चारचार वर्षांच्या मुदती काढायच्या, दर मुदतीला काही कौशल्यं मिळतात, आणि दर मुदतीला जगलो की मेलो याचा फासा टाकायचा. स्काउटला दोन फाशांवर ७ किंवा जास्त लागतात. म्हणजे एकेका मुदतीत शंभरात बेचाळीस वेळा गडी खेळ सुरू व्हायच्या आतच गेला.

या नियमाची आजवर भरपूर थट्टा झाली आहे. माझ्या मते ती अर्धवट वाचनातून आली आहे. अनुभवी पात्र हवं तर आणखी चार वर्षं काढा, पण जीव पणाला लावून. नको असेल तर कमी कौशल्यांवर निवृत्त व्हा. पात्र तयार करणं हाच एक जुगार होता. तिशीचाळिशीतला, नोकरी सुटलेला, हातात थोडे पैसे आणि पुढे काय हा प्रश्न असलेला माणूस विज्ञानकथेच्या खेळात आणणं हे व्यावसायिक सल्लागाराला सुचलं नसतं. युद्धावरून परतलेल्या पिढीतल्या माणसाला सुचलं.

त्याहून मोठी करामत जहाजाच्या कर्जाची. यान घ्यायचं तर किमतीचा पाचवा हिस्सा आधी भरायचा, आणि मग ४८० महिने दर महिन्याला किमतीचा २४०वा भाग. चाळीस वर्षांत दोन पूर्णांक दोन दशांश पट रक्कम जाते. वर इंधन, पगार, बंदराचं भाडं. एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या झेपेला, ती जवळची असो की लांबची, आठवडा लागतो, त्यामुळे महिन्यात जेमतेम दोन फेऱ्या. सरळ मालवाहतुकीत हप्ता भागणं कठीण. मग कुणीतरी बंदरावर भेटतो आणि न विचारता पेटी पोचवायचे दुप्पट पैसे देतो. रेफरीला कथानक रचायची गरजच उरत नाही. दर महिन्याचा हप्ता ते रचतो. घराचे हप्ते भरणाऱ्या कुणालाही हे विज्ञान लगेच पटेल.

आता भोकं. ग्रहाची लोकसंख्या फाशांवर ठरे, आणि हवा आहे की नाही याचा तिच्याशी संबंध नसे. दर बारा ग्रहांमागे एकावर अब्जाच्या वर वस्ती निघायची, मग तो ग्रह निर्वात खडक का असेना. चूकच ती. पण रेफरीला उत्तर द्यावं लागे की एवढी माणसं तिथे करतात काय आणि श्वास कशाचा घेतात. त्या उत्तरातून जग उभं राहायचं: जमिनीखालची शहरं, हवेवरचा कर, हवा पुरवणाऱ्याचीच सत्ता. यानातला संगणक टनात मोजायचा आणि त्याच्या तुटपुंज्या जागेत एकेक प्रोग्रॅम घालायचा-काढायचा, हा मात्र निव्वळ सत्तरच्या दशकाचा वास. त्यातून काही उगवलं नाही.

एक दोष अमेरिकी चाहत्यांना फारसा खुपत नाही, आपल्याला खुपावा. निरोप जहाजाच्याच वेगाने जातो, म्हणून राजधानी लांब आणि बंदरावरचा अधिकारी मनमानीला मोकळा. सशस्त्र व्यापारी जहाजं, मागास ग्रहांचे रहिवासी, स्वस्तात घेऊन महाग विकणं. ही शिडाच्या जहाजांच्या काळाची उसनवारी आहे, आणि पुस्तिका ती डेकवर उभं राहूनच पाहते. सुरत आणि राजापूरच्या वखारींचा इतिहास वाचलेला खेळाडू किनाऱ्यावरून पाहील, तर त्याच नियमांत अगदी वेगळा खेळ निघेल. तो खेळ नियमांनी सुचवलेला नाही, पण अडवलेलाही नाही.

पुढे चाहतेच लेखक झाले. १९८७चा ‘मेगाट्रॅव्हलर’ मुख्यतः चाहत्यांच्याच एका गटाने बांधला. प्रेमाने बांधला आणि छपाईच्या चुकांनी गाजवला. १९९६मध्ये मूळ कंपनी बंद पडली. मग मिलरने २०१२ साली थेट वाचकांकडून जवळजवळ तीन लाख डॉलर जमवले आणि ‘ट्रॅव्हलर ५’ काढला: ६५६ पानं. बंदुकांपासून ज्ञानेंद्रियांपर्यंत प्रत्येक गोष्ट घडवण्याचं सूत्र त्यात आहे. फक्त शनिवारी संध्याकाळी मित्रांना बसवून खेळायचं कसं, ते सापडत नाही. शुद्धिपत्रांची रीघ लागली आणि २०१९मध्ये तीन खंडांत दुरुस्त आवृत्ती काढावी लागली. लेखक, दिग्दर्शक आणि निर्माता एकच असला की हौशी नाटकाचा तिसरा अंक कापायला कुणी उरत नाही, तसं झालं. १९७७मध्ये हाच माणूस, हेच वेड. तेव्हा पिनांनी टाचलेल्या पुस्तिकेत मावेल तेवढंच छापणं परवडत होतं. छपाईचा खर्च हाच त्या काळाचा संपादक.

आज पीडीएफला पानांचा खर्च नाही. हौशी लेखकावर पूर्वी खिसा बंधन घालायचा, आता ते त्याने स्वतः घालून घ्यायचं आहे, आणि बहुतेकांना ते जमत नाही. ज्यांना जमलं त्यांनी वाट दाखवली आहे. केविन क्रॉफर्ड याने २०१०मध्ये एकट्याने ‘स्टार्स विदाउट नंबर’ काढला आणि फुकट वाटला. लढाईचे नियम जुन्या ‘डन्जन्स’चे, कौशल्यांचे दोन फासे ‘ट्रॅव्हलर’च्या वळणाचे, सांधा दिसतो, आणि त्याला त्याची लाज नाही. त्याचं खरं लक्ष रेफरीच्या कामावर: ग्रहाला दोन लेबलं लावली की संघर्ष आपोआप दिसू लागतो. वॉर्डच्या पुस्तिकेत जे तोंडी राहिलं होतं ते इथे कागदावर आलं.

शॉन मॅकॉयचा ‘मदरशिप’ २०१८मध्ये ४४ पानांत आला. अंतराळातल्या भयाचा खेळ, आणि त्यात लपण्याचा नियम नाही. तो मुद्दामच गाळला आहे. राक्षस दारापाशी असताना फासा टाकून सुटका होऊ नये. कुठे लपलास, श्वास कसा रोखलास, हे खेळाडूने बोलावं. परीक्षकांनी हा दोष म्हणून नोंदवला. मला तो या अर्धशतकातला सर्वांत समजून ठेवलेला अभाव वाटतो. ‘मदरशिप’चा खरा दोष वेगळा होता: खेळाडूंसाठी पुस्तक होतं, रेफरीसाठी नव्हतं, आणि चालवण्याची विद्या पुन्हा एकदा ओळखीपाळखीतून फिरत राहिली. २०२१मध्ये लोकवर्गणीतून चौदा लाख डॉलरच्या वर जमल्यावर जो संच निघाला, त्यात रेफरीचं स्वतंत्र पुस्तक घातलं गेलं. कौशल्यांच्या यादीत लपणं अजूनही नाही.